एक सर्व्हर बंद असतानाचा हिशेब: व्हर्च्युअल मशीनसाठी सर्व्हरची क्षमता कशी ठरवावी

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका प्रत्यक्ष सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक (पुढे नुसते 'मशीन'), चालवण्यासाठी नवे सर्व्हर घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा "किती कोरचा प्रोसेसर आणि किती मेमरी" असा असतो. हा प्रश्न खरे तर सर्वांत शेवटी विचारायचा आहे. त्याआधी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. आज चालू असलेले काम प्रत्यक्षात किती साधने वापरते, ही पहिली. आणि ज्या दिवशी क्लस्टरमधील, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटातील, एक सर्व्हर बंद असेल त्या दिवशी हेच काम उरलेल्या सर्व्हरवर मावते का, ही दुसरी. सगळे सर्व्हर धडधाकट असताना जवळपास कोणतीही मांडणी पुरेशी वाटते. खरेदी बरोबर होती की चुकली हे कळते ते एखादा मदरबोर्ड निकामी झाल्यावर, किंवा फर्मवेअर बदलण्यासाठी भर कामाच्या दिवशी एक होस्ट (मशीन चालवणारा सर्व्हर) रिकामा करावा लागल्यावर. म्हणून पुढील प्रत्येक आकडा "एक होस्ट नसताना" या अटीवर तपासला आहे, आणि आपला हिशेब मांडतानाही हीच अट धरावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी मोजमाप

मोजमाप किमान एक महिना चालवावे आणि त्यात महिनाअखेरचे दिवस यायलाच हवेत, कारण पगार, हिशेब आणि अहवाल यांचे काम त्याच दिवसांत एकवटलेले असते. प्रोसेसरचा वापर, मेमरी, डिस्कवर दर सेकंदाला होणारी वाचने व लेखने, त्यांचे परस्परांतील प्रमाण, त्यांना लागणारा विलंब आणि नेटवर्कवरील वाहतूक एवढ्या गोष्टी नोंदवाव्यात. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटर, लिनक्सवर सार आणि आयओस्टॅट, व्हीएमवेअर या कंपनीचे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर असलेल्या होस्टवर ईएसएक्सटॉप ही साधने हाताशी असतातच. व्हर्च्युअल मशीनची यादी, त्यांना दिलेली मेमरी व व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि विसरून राहिलेले स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणीची जपून ठेवलेली अवस्था) एका तक्त्यात काढायला आरव्हीटूल्स उपयोगी पडते.

येथे एक सापळा आहे. व्हीसेंटर, म्हणजे व्हीएमवेअरचे होस्ट सांभाळणारे सॉफ्टवेअर, जुनी आकडेवारी जशीच्या तशी ठेवत नाही. मूळ मांडणीत एका दिवसापर्यंतची नोंद ५ मिनिटांच्या सरासरीने, आठवड्याची ३० मिनिटांच्या, महिन्याची २ तासांच्या आणि वर्षाची एका दिवसाच्या सरासरीने साठवली जाते. म्हणजे महिन्याभराचा आलेख उघडून "वापर कधीच ४० टक्क्यांवर गेला नाही" असे कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ एवढाच की २ तासांची सरासरी ४० टक्क्यांवर गेली नाही. सकाळी दहाच्या सुमारास वीस मिनिटे सर्व कोर पूर्ण भरलेले असतील, तर ते या आलेखात दिसणारच नाहीत. त्यामुळे मोजमापाच्या काळात आकडे दर ५ मिनिटांनी किंवा त्याहून वारंवार वेगळे साठवावेत.

साठवलेल्या आकड्यांतून हिशेबासाठी ना सरासरी घ्यावी, ना सर्वोच्च आकडा. सरासरीत रात्रीची शांतता मिसळलेली असते, आणि सर्वोच्च आकडा एखाद्या अँटिव्हायरस स्कॅनचा असू शकतो. ९५ वे पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली ९५ टक्के नोंदी येतात तो आकडा, हा चांगला आधार आहे. मात्र वरच्या ५ टक्क्यांत नेमके काय घडले होते ते एकदा स्वतः पाहावे, कारण महिनाअखेरचा दिवस त्यातच दडलेला असू शकतो. आणखी एक पथ्य असे की प्रत्येक मशीनचा स्वतंत्र उच्चांक काढून त्यांची बेरीज करू नये. आधी त्या त्या क्षणी सर्व मशीनचा एकत्रित वापर किती होता ते काढावे आणि मग त्या बेरजांचे पर्सेंटाइल काढावे. सर्व मशीन एकाच वेळी उच्चांकाला पोहोचत नाहीत. व्हर्च्युअलायझेशनचा सगळा फायदाच त्यावर उभा आहे.

मेमरी: येथे उसनवारी चालत नाही

प्रोसेसर आळीपाळीने वापरता येतो, मेमरी तशी येत नाही. एखाद्या मशीनला कोर क्षणभर उशिरा मिळाला तर ती थोडी संथ होते, पण तिची मेमरी डिस्कवर ढकलली गेली तर ती अक्षरशः ठप्प होते. म्हणूनच होस्टची संख्या बहुतेक वेळा मेमरीच ठरवते आणि हिशेबाची सुरुवात तिच्यापासून करणे सोयीचे पडते.

हायपरव्हायझर, म्हणजे होस्टवर मशीन चालवणारे सॉफ्टवेअर, दाखवत असलेली "ॲक्टिव्ह मेमरी" पाहून मेमरी ठरवणे ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे. हा आकडा अलीकडच्या काही क्षणांत मेमरीच्या किती पानांना (ठरावीक आकाराच्या तुकड्यांना) स्पर्श झाला याचा नमुन्यावरून काढलेला अंदाज असतो. ६४ जीबी कॅशे (मेमरीत हाताशी ठेवलेला डेटा) धरून बसलेला डेटाबेस त्यातील ८ जीबीच सतत चाळत असेल, पण उरलेली मेमरी काढून घेतली तर तो प्रत्येक प्रश्नासाठी डिस्ककडे धावू लागेल. त्यामुळे मेमरी कमी करायची तर मशीनच्या आत जाऊन पाहावे: डेटाबेसचा कॅशे किती ठरवला आहे, जाव्हाची हीप (जाव्हा प्रोग्रामसाठी राखलेली मेमरी) किती आहे, ऑपरेटिंग सिस्टीमकडे खरोखर मोकळे किती उरते. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही साऱ्या प्रक्रियेत सर्वाधिक पैसे येथेच वाचतात.

होस्टमध्ये असलेल्यापेक्षा जास्त मेमरी मशीनना वाटून देणे, म्हणजे ओव्हरकमिट, याचा आधार घेऊ नये. एकसारखी पाने अनेक मशीनमध्ये सामायिक करण्याची सोय व्हीएमवेअरने २०१४-१५ च्या सुमारास सुरक्षेच्या कारणाने मशीनच्या आपसांत मुळातच बंद ठेवली, आणि मोठ्या आकाराची पाने वापरात असताना तिचा लाभ एरवीही मिळत नाही. बलूनिंग (मशीनकडून मेमरी परत मागणे), कॉम्प्रेशन (ती आवळून ठेवणे) आणि स्वॅपिंग (ती डिस्कवर ढकलणे) या आपत्कालीन तरतुदी आहेत. त्या नियोजनात जमेस धरल्या, तर खऱ्या आपत्तीच्या वेळी हाती काहीच उरत नाही.

मेमरी बसवण्याचीही शिस्त असते. प्रोसेसरचे सर्व मेमरी चॅनेल (मेमरीकडे जाणारे मार्ग) सारख्या मॉड्यूलनी, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांनी, भरले तरच पूर्ण बँडविड्थ मिळते. एएमडीच्या चौथ्या पिढीच्या एपिकला १२ चॅनेल आहेत, तर इंटेलच्या चौथ्या पिढीच्या झिऑनला ८. म्हणजे दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसर बसणाऱ्या) एपिक सर्व्हरमध्ये २४ मॉड्यूल ३२ जीबीचे घेतले की ७६८ जीबी होतात, आणि झिऑनमध्ये १६ मॉड्यूल ६४ जीबीचे घेतले की १,०२४ जीबी होतात. "सध्या अर्धी भरू, पुढे वाढवू" हा विचार करण्याआधी स्लॉट मोजावेत. १२ चॅनेलच्या अनेक दोन सॉकेट सर्व्हरमध्ये दर चॅनेलला एकच स्लॉट असतो, त्यामुळे तेथे सगळे चॅनेल भरल्यावर मेमरी वाढवायची म्हणजे जुनी मॉड्यूल काढून टाकायची. जेथे दुसरा स्लॉट असतो तेथेही तो भरल्यावर मेमरीचा वेग बहुधा उतरतो.

प्रोसेसर: रांगेत थांबण्याचा वेळ मोजावा

एका प्रत्यक्ष कोरवर किती व्हीसीपीयू ठेवावेत याचे एकच उत्तर नाही. संमिश्र कामासाठी मी ४ व्हीसीपीयूला १ कोर येथून सुरुवात करतो, व्यस्त डेटाबेससाठी १ किंवा २ च्या पुढे जात नाही, आणि दिवसभर जवळपास निष्क्रिय असणाऱ्या मशीनसाठी ६ पर्यंत सहज जातो. पण हे सुरुवातीचे अंदाज आहेत. निकाल रांगेवरून लागतो.

ही रांग व्हीएमवेअरमध्ये "सीपीयू रेडी" या आकड्यात दिसते. व्हीसीपीयूकडे काम आहे, पण प्रत्यक्ष कोर मोकळा नसल्याने तो थांबला आहे, असा वेळ त्यात मिलिसेकंदांत मोजला जातो. रिअल टाइम आलेखातील प्रत्येक नोंद २० सेकंदांची, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांची असते; त्यामुळे एका व्हीसीपीयूचा १,००० मिलिसेकंद रेडी म्हणजे ५ टक्के. एका अहवाल बनवणाऱ्या मशीनची तक्रार माझ्याकडे आली होती. तिला ८ व्हीसीपीयू होते, ती फार संथ झाली होती आणि मागणी १२ व्हीसीपीयूंची होती. आलेखात संपूर्ण मशीनचा रेडी १८,४०० मिलिसेकंद दिसत होता. तो आठांत वाटला तर प्रत्येकी २,३०० मिलिसेकंद, म्हणजे ११.५ टक्के होतात. मशीनचा स्वतःचा वापर मात्र तीन व्हीसीपीयूंच्या पुढे कधी गेलेला नव्हता. होस्टवर एकूण १६ कोर होते, आणि आठही व्हीसीपीयूंना साधारण बरोबरीने पुढे नेण्यासाठी कोर वाटून देणाऱ्या शेड्यूलरची सतत ओढाताण होत होती. आम्ही व्हीसीपीयू वाढवण्याऐवजी ४ केले. रेडी २ टक्क्यांच्या खाली आला आणि तोच अहवाल आधीपेक्षा लवकर निघू लागला. नवे सर्व्हर घेण्याआधी अशी फुगलेली मशीन शोधून आवरती घ्यावीत, नाहीतर जुनी फुगवटी नव्या खरेदीत पैसे मोजून उचलली जाते. लिनक्सच्या केव्हीएम हायपरव्हायझरवर हीच रांग मशीनच्या आतून टॉप या आदेशातील "स्टील" वेळेत दिसते.

हायपरथ्रेडिंगचे धागे कोर म्हणून मोजू नयेत. एका कोरचे दोन धागे एकाच कोरची यंत्रणा वाटून घेतात. त्यातून कामानुसार थोडीफार जादा क्षमता मिळते, दुप्पट मिळत नाही. शिवाय जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एल१टीएफ हे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाल्यावर त्यांच्या उपायांनी काही क्षमता खाल्ली आणि काही ठिकाणी हायपरथ्रेडिंगच बंद करावे लागले. ज्यांनी धागे धरून हिशेब केला होता त्यांची पंचाईत झाली. धाग्यांचा लाभ गाठीशी असलेली शिल्लक समजावा.

जुन्या आणि नव्या प्रोसेसरची तुलना गिगाहर्ट्झवर करू नये, कारण प्रत्येक पिढीत एका चक्रात होणारे काम बदलते. स्पेक या संस्थेच्या सीपीयू २०१७ चाचणीचे इंटिजर रेट निकाल सर्वांना पाहता येतात. दोन्ही प्रोसेसरचा गुण त्याच्या कोरच्या संख्येने भागला की एक नवा कोर किती जुन्या कोरचे काम करतो ते कळते.

न्यूमाचा विचार मोठ्या मशीनसाठी करावा लागतो. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची मेमरी जवळ आणि दुसऱ्याची लांब असते. ३२ कोर आणि ७६८ जीबीच्या होस्टवर एका न्यूमा नोडच्या (एक प्रोसेसर आणि त्याची जवळची मेमरी) वाट्याला १६ कोर आणि ३८४ जीबी येतात. १२ व्हीसीपीयू व २५६ जीबीची मशीन त्यात नीट बसते. २० व्हीसीपीयूची किंवा ४५० जीबीची मशीन दोन्ही नोडवर पसरते आणि तिला लांबच्या मेमरीचा फेरा पडतो. म्हणून आपल्या सर्वांत मोठ्या मशीनपेक्षा न्यूमा नोड मोठा असेल असाच प्रोसेसर व मेमरी निवडावी. आणि क्लस्टरमधील सर्व होस्ट एकाच कंपनीच्या प्रोसेसरचे असावेत, कारण चालू मशीन इंटेलवरून एएमडीवर न थांबवता हलवण्यावर विसंबता येत नाही.

एक हिशेब, अथपासून

समजा चार जुने होस्ट आहेत. प्रत्येकी २० कोर, २.४ गिगाहर्ट्झ आणि ३८४ जीबी मेमरी. म्हणजे एकूण ८० कोर, १९२ गिगाहर्ट्झ आणि १,५३६ जीबी. मशीनना दिलेली मेमरी १,३८० जीबी आणि व्हीसीपीयू ३१० आहेत. पहिल्याच नजरेत एक गोष्ट ध्यानात येते: एक होस्ट बंद पडला तर १,१५२ जीबी उरतात, म्हणजे जुनी मांडणी आपत्तीसाठी आधीच तोकडी पडली होती, फक्त ती वेळ अजून आली नव्हती.

मशीन आवरती घेतल्यावर मेमरी १,१२० जीबी आणि व्हीसीपीयू २५० उरले असे धरू. वर्षाला १५ टक्के वाढ तीन वर्षे चालली तर गुणक १.५२ येतो. म्हणजे १,७०२ जीबी मेमरी आणि ३८० व्हीसीपीयू यांची सोय हवी. ही वाढ कोठून आणली, हे तक्त्यात लिहून ठेवावे. मागील दोन वर्षांची नोंद हा उत्तम आधार. ती नसेल तर येऊ घातलेल्या प्रकल्पांची यादी चालेल.

आता होस्ट किती घ्यावेत? एक बंद असताना उरलेल्यांची मेमरी ८५ टक्क्यांपर्यंतच भरावी, कारण हायपरव्हायझरला स्वतःसाठी आणि प्रत्येक मशीनच्या व्यवस्थेसाठीही मेमरी लागते. तीन होस्ट घेतले तर दोघांवर १,७०२ जीबी, म्हणजे प्रत्येकी ८५१; ८५ टक्क्यांची अट लावली की १,००१. म्हणजे १,०२४ जीबीचे तीन होस्ट. चार घेतले तर तिघांवर प्रत्येकी ५६७, अट लावून ६६७. आणि बाजारात नीट बसणारी पुढची मांडणी ७६८ जीबीची. दोन्ही पर्यायांत विकत घेतलेली मेमरी ३,०७२ जीबीच आहे. पण एक होस्ट नसताना तीन होस्टच्या मांडणीत उरलेली मेमरी ८३ टक्के भरते, तर चारच्या मांडणीत ७४ टक्के. शिवाय एका होस्टसोबत कोसळणाऱ्या मशीनची संख्या एकूण मशीनच्या एक तृतीयांशाऐवजी एक चतुर्थांश होते. माझी निवड चार होस्ट.

प्रोसेसरचा हिशेब असा. ९५ वे पर्सेंटाइल ४२ टक्के, म्हणजे ८०.६ गिगाहर्ट्झ; वाढ धरून १२२.५. हे सुमारे ५१ जुन्या कोरचे पूर्ण काम झाले. स्पेकच्या तुलनेत नवा कोर जुन्याच्या दीडपट निघाला असे धरले तर ३४ नवे कोर लागतात. एक होस्ट नसतानाही वापर ६५ टक्क्यांच्या आत राहावा म्हणून ५३ कोर हवेत, म्हणजे तीन होस्टवर प्रत्येकी १८. वरवर पाहता १२ कोरचे दोन प्रोसेसर, म्हणजे २४ कोर पुरतात. पण ताळा करून पाहिला तर तीन होस्टवरील ७२ कोरवर ३८० व्हीसीपीयू, म्हणजे ५.३ ला १ हे प्रमाण येते, जे संमिश्र कामासाठी मला जड वाटते. १६ कोरचे दोन प्रोसेसर घेतले तर ९६ कोरवर तेच प्रमाण ४ ला १ होते.

येथे लायसन्सही मध्ये येते, आणि ते निर्णय फिरवू शकते. व्हीएमवेअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये दर प्रोसेसरमागे किमान १६ कोरचे पैसे मोजावे लागतात. १२ कोरचा प्रोसेसर घेऊनही ४ कोरचे पैसे वायाच जातात. विंडोज सर्व्हरचे लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून कोरवर आहे: दर प्रोसेसरमागे किमान ८ आणि दर सर्व्हरमागे किमान १६ कोर. सर्व कोर झाकल्यावर स्टँडर्ड आवृत्ती दोन मशीनना पुरते, डेटासेंटर आवृत्ती त्या होस्टवरील कितीही मशीनना. मशीन ज्या ज्या होस्टवर जाऊ शकते, त्या प्रत्येक होस्टवर तिच्या लायसन्सची सोय असावी लागते. त्यामुळे खूप कोरचे थोडे होस्ट की थोड्या कोरचे जास्त होस्ट, हा प्रश्न लायसन्सचा तक्ता समोर ठेवल्याशिवाय सोडवू नये.

शेवटचा ताळा सर्वांत मोठ्या मशीनचा. तीन होस्टवर मिळून ६०० जीबी मोकळे असले तरी प्रत्येकावर २०० जीबीच मोकळे असतील, तर २५६ जीबीची डेटाबेस मशीन कोठेच उभी राहणार नाही. एकूण बेरीज जुळते आणि नेमकी महत्त्वाची मशीन बाहेर राहते. अशा मशीनसाठी मेमरी रिझर्व्हेशन (फक्त तिच्यासाठी राखलेली मेमरी) द्यावे आणि एकेक होस्ट बंद झाल्याचे कल्पून ती कोठे जाईल ते कागदावर मांडून पाहावे.

डिस्क: जागा आणि वेग यांचे हिशेब वेगळे

जागेचा हिशेब सरळ आहे, फक्त त्यातील काही बाबी हमखास विसरल्या जातात. आज वापरलेली जागा २८ टीबी असेल तर वाढ धरून ती ४२.६ होते. व्हीएमवेअर प्रत्येक चालू मशीनसाठी तिच्या मेमरीतून रिझर्व्हेशन वजा करून उरेल तेवढी स्वॅप फाइल बनवते. आपल्या उदाहरणात ती १.७ टीबीपर्यंत जाईल. ४४.३ टीबी झाले. स्नॅपशॉट आणि बॅकअपच्या वेळची तात्पुरती वाढ यांसाठी ३० टक्के जागा मोकळी ठेवली तर ६३ टीबी वापरायोग्य जागा हवी. दुहेरी प्रत ठेवायची तर प्रत्यक्ष १२६ टीबी, तिहेरी ठेवायची तर १८९. डिस्क विकणारे टीबी दहाच्या घातांत मोजतात आणि अनेक साधने दोनच्या घातांत, ७.६८ टीबीची एसएसडी म्हणून ६.९८ दाखवते. डीडुप्लिकेशन (सारख्या डेटाची एकच प्रत ठेवणे) आणि कॉम्प्रेशनने वाचणारी जागा आपल्या डेटावर मोजलेली नसेल, तर ती हिशेबात धरू नये.

वेगाचा हिशेब लेखनावर अवलंबून असतो. रेड ही अनेक डिस्क जोडून एखादी निकामी झाली तरी डेटा वाचवण्याची पद्धत आहे. तिच्या रेड ५ या प्रकारात एका लहान लेखनासाठी जुना डेटा वाचणे, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्यासाठीची जोडमाहिती) वाचणे, नवा डेटा लिहिणे आणि नवी पॅरिटी लिहिणे अशा चार क्रिया होतात; रेड ६ मध्ये सहा, रेड १० मध्ये दोन. उच्चांकाला सेकंदाला ९,००० क्रिया आणि त्यांत ३० टक्के लेखने असतील, तर ६,३०० वाचने व २,७०० लेखने होतात. रेड १० मध्ये डिस्कवर प्रत्यक्ष ११,७००, रेड ५ मध्ये १७,१०० आणि रेड ६ मध्ये २२,५०० क्रिया पडतात. मिनिटाला १०,००० फेऱ्यांची एक फिरती डिस्क साधारण १४० क्रिया पेलते असे धरले, तर अनुक्रमे ८४, १२३ आणि १६१ डिस्क लागतील. फ्लॅशवर हा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण तेथे रोज किती लेखन होणार ते मोजून त्याला झेपेल अशी टिकाऊपणाची श्रेणी निवडावी लागते.

स्टोरेज याच होस्टच्या आत ठेवायचे असेल तर मेमरीच्या आणि प्रोसेसरच्या हिशेबात परत जावे लागते. सेफ या अनेक होस्टवर पसरणाऱ्या स्टोरेज सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओएसडीसाठी (बहुधा दर डिस्कमागे एक चालणाऱ्या प्रक्रियेसाठी) मूळ मांडणीत ४ जीबी मेमरीचे लक्ष्य असते. सहा डिस्कच्या होस्टवर हे २४ जीबी होतात. झेडएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर त्याचा एआरसी कॅशेही होस्टच्याच मेमरीतून जातो. जागेची मर्यादाही येथे कडक होते. सेफ मूळ मांडणीत ८५ टक्क्यांना इशारा देते आणि ९५ टक्क्यांना लेखन थांबवते. चार होस्टपैकी एक गेला आणि त्याच्या प्रती उरलेल्या तिघांवर पुन्हा बनल्या, तर भरणा चार तृतीयांश पट होतो. म्हणजे त्या दिवशी ८५ च्या आत राहायचे असेल, तर एरवी ६३ टक्क्यांच्या वर भरू नये. आणि तिहेरी प्रत ठेवणाऱ्या तीनच होस्टच्या मांडणीत एक होस्ट गेला तर तिसरी प्रत बनवायला जागाच नसते, हे आधी समजून घ्यावे.

नेटवर्क आणि वीज

नेटवर्कचा वेग ठरवताना रोजची वाहतूक पाहून भागत नाही. होस्ट रिकामा करायला किती वेळ लागेल ते पाहावे. ५१२ जीबी मेमरी १ गिगाबिटच्या दुव्यावरून हलवायला पूर्ण वेग मिळाला तरी सवा तासाच्या आसपास जातो, १० गिगाबिटवर सात-आठ मिनिटे आणि २५ वर तीन मिनिटे. हलवण्याच्या काळात बदललेली पाने पुन्हा पाठवावी लागतात, म्हणून प्रत्यक्ष वेळ याहून जास्तच धरावा. प्रत्येक होस्टला दोन वेगळ्या कार्डांवरून दोन वेगळ्या स्विचकडे जाणारे दुवे द्यावेत, आणि एक स्विच बंद असताना उरलेल्या दुव्यावर स्टोरेज, स्थलांतर आणि मशीनची वाहतूक मावते का ते तपासावे. दोनच होस्ट असतील तर दोघांपैकी खरा कोण हे ठरवणारा तिसरा मतदार, म्हणजे विटनेस, वेगळ्या जागी ठेवावा.

विजेतही हाच नियम लागतो. प्रत्येक सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या मार्गांवर असावेत आणि एका मार्गाला संपूर्ण भार पेलता यावा. म्हणून एरवी कोणत्याही मार्गावर त्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त भार नसावा. ८०० वॅटचे चार होस्ट म्हणजे ३.२ किलोवॅट, आणि तेवढीच उष्णता, तासाला सुमारे १०,९०० बीटीयू, वातानुकूलन यंत्रणेला बाहेर काढावी लागते.

चालू करण्याआधी

सर्व्हर आल्यावर मशीन हलवण्याची घाई होते, आणि एकदा खरे काम त्यावर गेले की कोणी चाचणी करू देत नाही. म्हणून आधीच नमुना मशीनवर हिशेबातला भार टाकावा. तो भार चालू असताना एका होस्टच्या दोन्ही वीज केबल ओढाव्यात. मेनूतून व्यवस्थित बंद करण्याने खऱ्या बिघाडाची परीक्षा होत नाही. मशीन उरलेल्या होस्टवर किती मिनिटांत उठल्या, सर्वांत मोठी मशीन उठली का, मेमरी ७४ टक्क्यांच्या जवळ थांबली का, सीपीयू रेडी ५ टक्क्यांच्या आत राहिला का आणि डिस्कचा विलंब किती वाढला, हे त्याच तक्त्यात अंदाजाच्या शेजारच्या रकान्यात लिहावे. मग केबल परत जोडून स्टोरेजच्या प्रती पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो तोही नोंदवावा, कारण तेवढा वेळ क्लस्टरला दुसरा बिघाड सोसणार नसतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत मोठी तफावत आली, तर ती दुरुस्त करायला मशीन हलवण्याआधीचा हा आठवडाच हाती असतो.

दर सहा महिन्यांनी वाढीचा गुणक खऱ्या आकड्यांशी पडताळावा. एक होस्ट वगळून काढलेली मेमरीची टक्केवारी ८० ओलांडू लागली की पाचव्या होस्टची मागणी त्याच महिन्यात टाकावी; मंजुरी, पुरवठा आणि बसवणे यांत जाणारे महिने ८५ च्या मर्यादेपर्यंत उरलेल्या ५ टक्क्यांतूनच काढायचे असतात.